चौथा प्रेक्षक

कंपनीचं उत्तर आलं तेव्हा रेवती मगदूम घरापुढच्या चष्म्याच्या दुकानात एका गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालत होती. त्याला डोळे मिटून बाकावर बसवून तिने फोन पाहिला. उत्तर तीन वाक्यांचं होतं.

'आपल्या खात्यात कोणताही दोष आढळला नाही. भागात दिसणाऱ्या सर्व वस्तू आपल्याच घरातील प्रेक्षकांच्या ओळखीच्या आहेत. आपल्या घरातील प्रेक्षक : चार.'

सांगलीतल्या त्या घरात माणसं दोन होती. एक रेवती, वय छत्तीस, लग्नाच्या भानगडीत न पडलेली. दुसरी तिची आई, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेली. लेक सगळ्या गावाचे डोळे तपासते आणि आई ऑपरेशनचं नाव काढू देत नाही, यावरून शेजारपाजारचे चेष्टा करायचे. "आता काय बघायचं राहिलंय?" एवढंच आईचं उत्तर असायचं.

रेवतीने ती ओळ पुन्हा वाचली. चार.

"झालं काय हो मॅडम?" बाकावरून गिऱ्हाइकाने डोळे मिटूनच विचारलं.

"नाही. बसा अजून," ती म्हणाली, आणि स्वतःही तिथेच स्टुलावर बसली.

तक्रार तिनेच केली होती, आणि तक्रार होती एका कार्टूनबद्दल. छत्तिसाव्या वर्षी बाई कार्टून बघते म्हटल्यावर लोक हसतात, पण 'धूमकेतू खानावळ' बघत मोठी झालेली एक अख्खी पिढी महाराष्ट्रात आहे आणि ती कुणाच्या हसण्याला भीक घालत नाही. शकूमावशी नावाची चार हातांची बाई भंगारातल्या अंतराळयानात खानावळ चालवते. झारा नावाचा यंत्रमानव तिथे वाढपी आहे, तो गुडघ्यातून कुरकुरतो आणि प्रत्येक ग्रहावरच्या गिऱ्हाइकाला 'पोळी की भाकरी' विचारतो. गोष्ट एवढीच. पण खरी मजा गोष्टीत नव्हती, मागच्या भिंतीवर होती. यान सुटायच्या आधी तीन घंटा व्हायच्या, नाटकाच्या थिएटरात होतात तशा. तिसऱ्या घंटेशिवाय इंजिन पेटायचंच नाही. फळ्यावर थाळी क्रमांक १९७५ लिहिलेला असायचा, ते आर्यभट्ट उपग्रह सुटल्याचं साल. खलनायकाच्या यानाला एसटीचा लाल रंग आणि मागे शिडी. काही खुणा पडद्यावर अर्धा सेकंदही टिकायच्या नाहीत. त्या पकडायच्या, त्यांचा उगम शोधायचा आणि लिहून ठेवायच्या, हा चाहत्यांचा धंदा. चाळीस हजार चाहत्यांच्या त्या गटाचं नाव होतं पंगत.

मगदूमांच्या घरी पंगतीच्याही आधीपासून एक वही होती. दोनशे पानी, तपकिरी पुठ्ठ्याची. रेवती आणि तिच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान भाऊ भरतेश, दोघांची मिळून. नियम भरतेशने केलेला: एकाने खूण लिहायची, दुसऱ्याने ती स्वतःच्या डोळ्यांनी पडताळायची आणि मगच टिक करायची. ऐकीव गोष्टीवर टिक नाही. चुकली असेल तर आडवी रेघ मारून खाली बरोबर काय ते लिहायचं. टिक नसलेली खूण धरायची नाही. भरतेश डावखुरा, त्यामुळे त्याची टिक उलटी यायची, शेपूट डावीकडे. वहीत रेवतीच्या अक्षरापुढे अशा उलट्या टिका शेकड्यांनी होत्या.

नऊ वर्षांपूर्वी एका शुक्रवारी संध्याकाळी भरतेश मागच्या दाराने निघून गेला तो आजतागायत परतला नाही.

कारण रेवतीला पाठ होतं. पुण्याला इंजिनिअरिंगला घातलेला पोरगा दोन वर्षं परीक्षेलाच बसला नव्हता. सुट्टीत आल्यावर त्याने ते रेवतीला सांगितलं, दुकानाच्या मागच्या खोलीत, काचा घासायच्या मशीनचा आवाज चालू ठेवून. "अक्का, आण्णांना मी सांगतो. दिवाळीपर्यंत तू तोंड उघडायचं नाहीस. शपथ." तिने शपथ घेतली. आणि गुरुवारी, पोरगं जिवाचं काही बरंवाईट करून घेईल या भीतीने वडिलांना, म्हणजे आण्णांना, सगळं सांगून टाकलं. शुक्रवारी तो गेला. नंतर आण्णा तिला म्हणाले होते, "तू सांगितलंस म्हणून कळलं बघ. नाहीतर मला पत्ताच लागला नसता." ते तिचं सांत्वन करत होते की तिच्या डोक्यावर ओझं ठेवत होते, हे तिला कधी उमगलं नाही. पोलिसांत तक्रार झाली, पेपरात फोटो झाला, पुणे-मुंबई-बेळगाव झालं. मोबाइल बंद. तीन वर्षांपूर्वी आण्णाही गेले. शेवटचे चार दिवस ते दाराकडे बघायचे आणि रेवती जमिनीकडे.

आता ती भिंत.

पाच वर्षांपूर्वी मालिका बनवणाऱ्या कंपनीच्या लक्षात आलं की खुणा शिळ्या होतायत. हसायला आधी ओळख लागते. मुंबईच्या थिएटराची घंटा गडचिरोलीच्या पोरीला कळत नाही आणि एसटीची शिडी पुण्यातल्या पोराने पाहिलेली नसते. मग त्यांनी भिंतच मोकळी सोडली. गोष्ट आणि संवाद सगळ्यांना तेच, पण मागचं चित्र प्रत्येक घरासाठी वेगळं. आणि त्या घराला काय ओळखीचं आहे हे यंत्र ठरवणार, ते डोळ्यांवरून.

यातलं विज्ञान रेवतीच्या रोजच्या कामातलं होतं. ओळखीची वस्तू दिसली की माणसाची बाहुली किंचित मोठी होते. अगदी केसभर. ते चेहऱ्यावर दिसत नाही, ज्याचं त्याला कळत नाही, आणि ठरवून ते करताही येत नाही. उजेडानेही बाहुली हलते, म्हणून यंत्र घाई करत नाही, चार-सहा दिवस मोजत राहतं. टीव्हीच्या वरच्या कडेला त्यासाठी एक बारीक डोळा असतो, आणि फोनवर बघणाऱ्याचा फोन तर दोन्ही बाजूंनी बघत असतो. माणूस वावरतो त्या जागेतली कुठली वस्तू त्याच्या बाहुलीला ओळखीची वाटते, ते टिपून यंत्र ती वस्तू त्या खात्याच्या स्मृतिपेटीत टाकतं आणि पुढच्या रविवारी खानावळीच्या भिंतीवर काढतं. जशी दिसली तशी. स्वतःच्या मनाचं ते काही काढत नाही, कारण परवानगीच्या कागदात तसं लिहिलेलं असतं. आणि पेटीत गेलेलं बाहेर काढत नाही, कारण तशी सोय करायचं कुणाला सुचलंच नाही.

पंगत त्या वर्षी मोडली. कुणाच्या भिंतीवर मिरजेचा तंबोरा, कुणाच्या भिंतीवर अमरावतीच्या आत्याची स्कूटर. पडताळायचं काय आणि कुणी? रेवतीने मात्र सवयीने लिहिणं चालू ठेवलं, फोनमध्ये. आण्णा गेल्यावर तिने मालिका बघणंच सोडलं. तीन महिन्यांपूर्वी आईच म्हणाली, "रविवारी घर खायला उठतंय बघ. तो झारा लाव की. दिसत नाही मला, पण कुरकुरलेलं ऐकू तरी येतंय." तेव्हापासून दर रविवारी दहा वाजता परत सुरू.

आणि तेव्हापासून भिंतीवर काही खुणा यायच्या, ज्या त्यांच्या नव्हत्या.

आईचा लाल पाट त्यांचा. अक्षरांचा तक्ता दुकानातला. खिळ्याला दोरीने टांगलेला चष्मा आण्णांचा; ते गेले हे यंत्राला कुठून कळणार? पण झाकणाला तडा गेलेली निळी पाण्याची टाकी कुणाची? पांढऱ्या कानाचा, मागचा पाय ओढत चालणारा कुत्रा कुणाचा? खिडकीबाहेर, जिथे तारे असायचे तिथे, करड्या रंगाचा समुद्र होता. सांगलीत समुद्र नाही. रेवतीला वाटलं दुसऱ्या कुणाचं घर चुकून आपल्यात मिसळलंय. म्हणून तक्रार.

*

संध्याकाळी तिने आईला उत्तर वाचून दाखवलं. आई तांदूळ निवडत होती. दिसत नसताना बोटांनीच खडा काढायची.

"चार म्हणजे?"

"मी. तू. आण्णांना त्यांनी कमी केलेलं नाही, ते तीन."

"आन् चौथं कोण?"

रेवतीने पाण्याचा घोट घेतला. "खातं भरतूने काढलेलं ना. तो गेला तरी आपण पासवर्ड बदललाच नाही कधी. ही डोळ्यांची भानगड पाच वर्षांपूर्वी आली. त्याला जाऊन नऊ झाली. म्हणजे आई, तो गेल्यानंतर कुठंतरी बसून हे बघतोय. निदान बघत होता."

आईची बोटं थांबली. सुपातले तांदूळ तिने एकदा चाळवले, मग पुन्हा चाळवले.

"समुद्र हाय म्हणालीस न्हवं का?" ती म्हणाली. "त्याला पाण्याची भीती वाटायची गं."

त्या रात्री झोपताना रेवतीला दुसरी गोष्ट सुचली आणि ती उठून बसली. पेटी एकच होती. त्याचा कुत्रा तिच्या भिंतीवर येत होता, तर तिच्या घरातलं सगळं त्याच्या भिंतीवर जात होतं. तीन महिन्यांपूर्वी त्यांनी पहिल्यांदा टीव्ही लावला तेव्हा टीव्हीसमोरच्या भिंतीवर आण्णांचा फोटो होता, चंदनाच्या हाराचा. पुढच्या रविवारी तो हार खानावळीच्या भिंतीवर आला होता. रेवतीने तेव्हा डोळे पुसून त्याची नोंदही केली होती. बाप गेल्याचं त्या पोराला असं कळलं असणार, कार्टूनमध्ये, झारा कुणाला तरी पोळी की भाकरी विचारत असताना. तिने फोनमधल्या नोंदी काढून पाहिल्या. हार आला त्या रविवारपर्यंत अनोळखी खूण एखाद-दुसरीच होती. हारानंतर दर भागाला दहा-बारा. तो डोळ्यांत तेल घालून बघायला लागला होता.

की ते सगळं जुनंच होतं, आणि यंत्र पेटीच्या तळाचं उकरून काढत होतं? आण्णांचा चष्मा येतच होता की. मेलेल्या माणसाचा चष्मा येतो, तर मेलेल्या माणसाचा कुत्राही येऊ शकतो. ती पहाटेपर्यंत तशीच बसून राहिली.

*

बापूकाका, म्हणजे आण्णांचे धाकटे भाऊ, कोर्टात शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. कागद म्हटला की त्यांच्या अंगात उत्साह संचारायचा. सोमवारी सकाळी ते प्रतिज्ञापत्र घेऊनच आले.

"रस्तारुंदीत दुकान जाणार, त्याबदली नवा गाळा मिळणार, हे तुला ठाऊक आहेच," ते म्हणाले. "दुकान आण्णाच्या नावावर. वारस तिघं. तिसऱ्याची सही कुठनं आणायची? कायदा सांगतोय, सात वर्षं ज्याची खबर नाही तो मयत धरता येतो. आपली नऊ झाली. पुढच्या सोमवारी तारीख आहे. तू सही कर, वहिनींचा अंगठा घे, संपलं."

रेवतीने कागद वाचला. 'सदर भरतेश यांच्याकडून अगर त्यांच्याविषयी, आजतागायत, कोणतीही खबर आम्हांस मिळालेली नाही.' तिने काकांना चौथ्या प्रेक्षकाचं सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बाळ, चाळीस वर्षं कोर्टात काढली. पुरावा म्हणून नांगर आणलेला बघितला, म्हैस आणलेली बघितली. कार्टून नाही बघितलं. आणि जिवंत असता तर आण्णाच्या मातीला आला नसता का?"

"त्याला माहीत नव्हतं, काका."

"मग आता तरी कळलं म्हणतेस ना? आला का?"

तिने कागद घडी करून त्यांच्यापुढे सरकवला. ती एवढंच म्हणाली, "तारखेपर्यंत थांबा."

काका गेल्यावर तिने पंगतीचा गट उघडला. मोडली तरी तिथे अजून सहाशे जण रेंगाळत होते, आणि एका दाराच्या कडीवरून गाव ओळखणारे महाभाग त्यांत होते. निळी टाकी, कुत्रा, समुद्राची कडा, मागचा दीपस्तंभ, चार चित्रं टाकली असती तर दुपारच्या चहापर्यंत पत्ता हातात आला असता. तिने चित्रं निवडली. खाली लिहिलं, 'ही जागा कुठली?' आणि बोट बटणावर ठेवलं.

ते तिने दाबलं नाही. एकदा त्याची गोष्ट तिने दुसऱ्याला सांगितली होती, तीही त्याच्या भल्यासाठीच. नऊ वर्षं त्याने जी जागा सांगितली नाही, ती सहाशे लोकांना विचारून काढायची? तिने चित्रं एकेक करून पुसली. पुसताना तिला रडू आलं आणि रागही आला, त्याचा आणि स्वतःचा.

मग ती आईला म्हणाली, "ट्रंकेची किल्ली दे."

*

वही आईच्या लग्नातल्या शालूखाली होती. शेवटच्या लिहिलेल्या पानावर भरतेशच्या डावखुऱ्या अक्षरात एकच ओळ होती, तो गेला त्या आठवड्यातली.

'भाग ६८. झारा खानावळ सोडून जातो तेव्हा मागचं दार ओढून घेत नाही. त्यानंतरच्या कुठल्याच दृश्यात ते लावलेलं नाही.'

पुढे टिक नव्हती. त्या आठवड्यात रेवती त्याच्या नजरेला नजर देत नव्हती आणि वहीलाही हात लावत नव्हती.

तिने भाग ६८ लावला. झारा जातो, दोन दिवसांनी हुंदडत परत येतो, असा तो भाग. सगळा महाराष्ट्र त्याला हसला होता. तिने मागचं दार सोळा ठिकाणी थांबवून पाहिलं. उघडंच होतं. तिने पेन घेतलं आणि नऊ वर्षं उशिराने टिक केली.

मग खाली तिने नवी ओळ लिहिली. आपण आधी 'परत ये' लिहिणार होतो असं तिने स्वतःशी कबूल केलं, पण वहीत तसलं लिहायची पद्धत नव्हती. वहीत पडताळता येईल तेवढंच लिहायचं. तिने लिहिलं:

'गुरुवारी आण्णांना अक्काने सांगितलं. तोवर त्यांना माहीत नव्हतं. चूक अक्काची.'

पुढे टिकेपुरती जागा सोडली. वही टीव्हीसमोरच्या भिंतीला टेकवून उघडी ठेवली, यंत्राच्या डोळ्यासमोर. बाहुली मोठी करायला तिला काही करावं लागणार नव्हतं. आठवडाभर ती त्या खोलीत गेली की नजर तिकडेच जायची.

रविवारी दहाला भाग सुरू झाला. शकूमावशीच्या गल्ल्यावर, लोणच्याच्या बरणीला टेकून, तपकिरी वही उघडी होती. चित्र थांबवून मोठं केलं तर अक्षरन् अक्षर वाचता येत होतं. तिच्या टिकेपर्यंत सगळं. म्हणजे तेच पान आत्ता दुसऱ्या कुठल्या तरी भिंतीवरही उघडं होतं. तिथे बघायला कुणी असेल तर.

"आलं का?" आईने विचारलं.

"गेलं," रेवती म्हणाली.

तारीख उद्याच्या सोमवारची होती. ती काकांनी कोर्टात जाऊन कशीबशी आठ दिवस पुढे ढकलून घेतली होती. आता पुन्हा मुदत नाही, असं त्यांनी बजावलं होतं, आणि मध्ये एकच रविवार उरला होता. त्या आठवड्यात रेवतीने एका म्हाताऱ्याला चुकीचा नंबर दिला आणि एका पोरीला दोनदा तपासलं. वाहनपरवान्यासाठी येणारे लोक तक्ता पाठ करून येतात. दिसत नसतं, पण दिसतंय असं त्यांना स्वतःलाही वाटायला लागतं. तिला भीती वाटत होती ती याचीच. टिक आली तर ती त्याची, की जुन्या शेकडो उलट्या टिकांतली एक, हे ती कसं ओळखणार? तिच्या डोळ्यांना टिकच हवी होती. आणि टिक आली असती तर तिचा अर्थ होता, 'बरोबर. चूक तुझीच.' तो जिवंत असल्याची खबर तिला याच शब्दांत मिळायची होती, आणि तरी ती मागत होती.

*

रविवारी दहाला तिसरी घंटा झाली, इंजिन पेटलं, झारा कुरकुरला. वही गल्ल्यावरच होती. पण पुठ्ठा तपकिरी नव्हता. वही निळी होती, पातळ, पाण्याने फुगलेल्या पानांची. रेवतीने चित्र थांबवून मोठं केलं.

तिचीच ओळ कुणीतरी डावखुऱ्या अक्षरात उतरवून घेतली होती. अक्षर पूर्वीपेक्षा मोठं झालं होतं, थकल्यासारखं. पुढे टिक नव्हती. ओळीवर आडवी रेघ होती. आणि खाली, पद्धतीप्रमाणे, बरोबर काय ते लिहिलेलं होतं.

'आण्णांना मी मंगळवारीच सांगितलं होतं. ते म्हणाले, या घरात पुन्हा तोंड दाखवू नकोस. शुक्रवारपर्यंतची मुदत दिली.'

रेवतीने ते एकदा मनात वाचलं. मग मोठ्याने वाचलं. यंत्र स्वतःच्या मनाचं काही काढत नव्हतं. तिला हे माहीत नव्हतं, तेव्हा हे तिच्या डोळ्यांतून आलेलं नव्हतं. तो जिवंत होता. गेल्या आठ दिवसांत त्याच्या हातात पेन होतं. आनंदाने ती पडद्यापाशी सरकली, आणि सरकता सरकताच तिला आण्णांचं ते वाक्य आठवलं: तू सांगितलंस म्हणून कळलं बघ.

"आई, हे खोटं असेल," ती म्हणाली. "आण्णा असं कसं करतील? गुरुवारी मी सांगत होते तेव्हा ते खुर्चीतून उठले होते. हात कापत होते त्यांचे."

आईचे धुरकट डोळे टीव्हीकडे होते आणि हात मांडीवर एकमेकांत गुंतलेले.

"आई?"

"मंगळवारी मी दाराआड होते," आई म्हणाली.

झारा पडद्यावर हात उंचावून थांबलेला होता. रस्त्यावरून भंगारवाल्याची हाळी येऊन गेली.

"तुला माहीत होतं?"

"होय."

"नऊ वर्षं?"

"ते बोलून गेले गं रागात. वाटलं, पोरगं दोन दिवसांनी येतंय. आलं न्हाई. मग त्यांना ते सहनच होईना. तू सांगितलंस म्हणून झालं, असं धरूनच ते उभे राहिले बघ. मी ते काढून घेतलं असतं तर तेव्हाच गेले असते."

"आणि मी?"

"तू सोसत होतीस," आई म्हणाली. "त्यांना सोसलं नसतं."

रेवती उठून दुकानाच्या मागच्या खोलीत गेली आणि काचा घासायची मशीन चालू केली. घासायला काच नव्हती. बराच वेळ ती नुसती फिरत होती. आण्णांवर ओरडायचं होतं आणि आण्णा नव्हते. होता तो खिळ्याला टांगलेला चष्मा, तोही कार्टूनमध्ये. आईवर ओरडायचं तर बाहेर एक म्हातारी अंधुक डोळ्यांनी बसलेली होती. शेवटी तिने मशीन बंद केली, बाहेर आली आणि तपकिरी वही उघडली. स्वतःच्या ओळीवर आडवी रेघ मारली. त्याचं वाक्य जसंच्या तसं खाली उतरवलं. आणि टिकेपाशी थांबली.

"काय झालं?" आईने विचारलं.

"मला टिक करता येत नाही. मी बघितलेलं नाही. ज्याने बघितलंय त्यानेच करायची, त्याचा नियम आहे."

आईने हात पुढे केला. "दे."

रेवतीने पेन तिच्या बोटांत दिलं, बोट धरून कागदावर जागा दाखवली. आईने टिक केली. ती ओळ सोडून खाली घसरली आणि शेपूट समासापर्यंत गेलं.

"बरोबर आली का?"

"वाकडी आलीय."

"त्याला वाचता येईल न्हवं?"

"येईल."

*

सोमवारी सकाळी बापूकाका कागद आणि शाईचं पॅड घेऊन दारात उभे राहिले. रेवतीने त्यांना चहा दिला आणि कागद परत दिला.

"खबर आलीय, काका. खोट्यावर सही होणार नाही."

काकांनी कप खाली ठेवला. "आली? काय म्हणाला तो?"

"माझी चूक काढली," रेवती म्हणाली.

काकांना काही कळलं नाही, पण आतून आई हसल्याचा आवाज आला म्हणून तेही कसंनुसं हसले. पत्ता काय, येणार कधी, तारखेला काय सांगायचं, असं ते विचारत राहिले. गाळा मिळाला नाही तर नाही, एवढं ती म्हणाली. ते गेल्यावर आई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"माझ्या डोळ्यांची तारीख घे," ती म्हणाली. "दोन्ही."

पुढच्या रविवारी दहाला दोघी टीव्हीसमोर बसल्या. तपकिरी वही गल्ल्यावर होती, आईची वाकडी टिक समासापर्यंत गेलेली. शेजारी निळी वही नव्हती. कुत्रा दिसला नाही, टाकीही नाही. खिडकीबाहेर समुद्र मात्र होता. तो आत्ताचा की पेटीतला जुना, हे रेवतीला सांगता आलं नसतं. खिळ्याला आण्णांचा चष्मा होता. ज्याच्याकडे बघू ते यंत्र ठेवून घेतं, म्हणून त्या चष्म्याकडे यापुढे बघायचं नाही असं तिने आठवडाभर ठरवलं होतं.

"कोण कोण आहे गं?" आईने विचारलं.

रेवतीने खिळ्याकडे पाहिलं. चष्म्याच्या काचेला डाव्या कोपऱ्यात चरा होता, तिने लहानपणी पाडलेला, आणि आण्णांनी ती काच कधीच बदलून घेतली नव्हती. तिची नजर तिथून हलेना. टीव्हीचा डोळा तिच्या बाहुल्या मोजत होता आणि ती मोजू देत होती.

"आण्णा आहेत," ती म्हणाली. "भरतूचं अजून बघतेय."